पितळी स्क्रूच्या मागे

माझ्या गॅरेजात येणाऱ्या निम्म्या गाड्या आजारी नसतातच, त्यांचे मालक आजारी असतात. कुणाला ब्रेकमधून आवाज येतो, कुणाला स्टिअरिंग डावीकडे ओढतंय असं वाटतं, आणि मी एक चक्कर मारून आले की ना आवाज ना ओढ. मग मी त्या माणसाला चहा पाजते, टायरमध्ये हवा भरते आणि म्हणते, "आता बघा." माणूस खूश होऊन जातो. तीस वर्षं हा धंदा करतेय. पहिली पाच वर्षं तर येणारा प्रत्येक जण "मालक कुठे आहेत?" असंच विचारायचा. मी बॉनेटखालून डोकं बाहेर काढून सांगायची, "मालक हातात पाना घेऊन उभे आहेत, बोला!"

त्यामुळे माझा धाकटा भाऊ एका सकाळी तोंड एवढंसं करून आला आणि "ताई, ऑइलचा लाल दिवा लागतोय" म्हणाला, तरी मी काही घाबरले नाही. भाऊ शाळेत गणित शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीसुद्धा. त्याला गाडीतला दिवा दिसला याचंच मला कौतुक वाटलं.

"कधी लागतो?" मी विचारलं.

"ही बसली की."

ही म्हणजे माझी भावजय. ती गाडीतून उतरून दारातल्या खुर्चीवर टेकली होती.

"ही बसली की तुझं प्रेशर वाढतं हे मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "गाडीचं कमी कसं होईल?"

भावजय पोट धरून हसायला लागली. अगदी खरोखर पोट धरून, कारण तिला सहावा महिना होता. तिला हसताना बघून मला किती बरं वाटलं ते काय सांगू. अकरा वर्षं झाली लग्नाला. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं हातातून गेलं. दुसऱ्या खेपेनंतर ही पोरगी वर्षभर मोठ्याने बोललीसुद्धा नव्हती. आणि आता पाचवा सरून सहावा लागला होता, पोटातलं बाळ लाथा मारत होतं, आणि आमच्या घरात सगळे जमिनीपासून वीतभर वर चालत होते. मी तर या काळ्या हातांनी लोकरीचं टोपडं विणायला घेतलं होतं. त्यात माझं स्वतःचं डोकंही मावलं असतं, ते सोडा.

पण दिवा थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे, पाऊण तासावर. दर आठवड्याला तपासणी. इंजिनाला ऑइल पोचलं नाही तर ते गरम होऊन जागच्या जागी जाम होतं, आणि घाटात जाम झालं तर तासतास दुसरी गाडी येत नाही. अशा ठिकाणी हिला कळा सुरू झाल्या म्हणजे?

"ठेव गाडी," मी म्हटलं. "दुपारपर्यंत देते."

दुपारपर्यंत! काय ती माझी घमेंड.

ऑइल प्रेशर म्हणजे काही अवघड शास्त्र नाही. गच्चीवर पाण्याची टाकी असते ना, तसंच. नळाला धार बारीक येत असेल तर टाकीत पाणी नसेल, नाहीतर पंप दमला असेल, नाहीतर पाइप तुंबला असेल, नाहीतर कुणीतरी कुठेतरी एक नळ उघडा ठेवला असेल. एकेक बघत जायचं. मी ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल खुणेला होतं. दिवा पेटवणारा सेन्सर बदलला. मग जोड लावून त्या सेन्सरच्या शेजारीच पाइपचं मीटर लावलं. ते थेट ऑइलच्या दाबावर चालतं. तारांची भानगड नाही, म्हणजे खोटं बोलण्याची सोय नाही. इंजिन सुरू केलं. नुसतं चालू असताना काटा एकवर, ॲक्सिलरेटर दाबला की चारवर. पोटभर गरम केलं तरी तेच. एकदम ठणठणीत.

"मास्तर, दिवा तुझ्या डोळ्यांत आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात भावजय चहाचे कप घेऊन आली, कप टूलबॉक्सवर ठेवले आणि सहज मडगार्डवर हात टेकून इंजिनात डोकावली.

काटा एकवरून पावावर उतरला.

मी मीटरवर टिचकी मारली. काटा तिथेच. भावजय बशी आणायला आत गेली, काटा वर आला. ती परत आली, काटा खाली. मी तिला पाचदा आत-बाहेर करायला लावलं. तिला वाटलं मी बश्यांवरून तिची फिरकी घेतेय.

"वजनानं होत असेल," मास्तर म्हणाला.

शेजारी एक शिंपी आहे, शंभर किलोचा ऐवज. त्याला बोलावून मडगार्डवर टेकायला लावलं. काटा ढिम्म. कशासाठी टेकतोय हे कळल्यावर तो फुगला. "बाई, मापं घेणाऱ्याचं माप काढू नये," म्हणाला आणि भावजयीचा चहा पिऊन गेला.

मास्तरने तोपर्यंत वही काढली होती. दहा फुटांवर ती उभी राहिली की एक, पाच फुटांवर अर्धा, हात लावला की पाव. "ताई, हे अगदी प्रमाणात आहे गं!" तो आनंदाने म्हणाला. सगळं जग प्रमाणात असलं की या माणसाला झोप लागते.

मी इंजिन ऐकायचं ठरवलं. वडिलांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच. लोखंडी सळईचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, की आतलं सगळं खणखणीत ऐकू येतं. पंप गुणगुणत होता, बेअरिंगं गोड चालत होती. मग ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाच्या, डाव्या बाजूला, खाली मागच्या कोपऱ्यात, एक नखाएवढा पितळी स्क्रू असतो तिथे सळई टेकवली.

टिकटिक. बारीक, भरभर.

तिथे काहीही फिरत नाही. तिथे फक्त ऑइलच्या वाटेचं एक बंद टोक असतं. मी मास्तरला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. इंजिन ओरडायला लागलं, त्याचा प्रत्येक ठोका चौपट झाला, आणि ती टिकटिक होती तशीच राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. मिनिटाला एकशे सेहेचाळीस.

"बंद कर," मी म्हटलं.

इंजिन थांबलं. सळई माझ्या कानाला होती. टिकटिक चालूच होती. भावजयीचा हात मडगार्डवर होता. ती कप गोळा करून आत गेली, तेव्हा आवाज हळूहळू लांब गेल्यासारखा विरला.

"काय ऐकू येतंय?" मास्तरने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "उद्या इंजिन खालून उघडते."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, पण त्यासाठी आधी मिशा दिसाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी मी चेंबर उतरवला, म्हणजे इंजिनाचं खालचं भांडं, ज्यात ऑइल साठतं. ऑइल गाळायची जाळी लख्ख. पंप नव्यासारखा. बेअरिंगं एकेक करून मोजली, केसभरही झीज नाही. दहा दिवसांपूर्वी मीच या गाडीत चार लिटर ऑइल भरलं होतं. आता काढून मोजलं तर साडेतीन. काल पट्टीवर पूर्ण होतं. जमिनीवर डाग नाही, धुराड्यातून धूर नाही. अर्धा लिटर ऑइल एका रात्रीत कुणीतरी प्यायलं होतं.

म्हणजे उघडा नळ. मी पितळी स्क्रू काढला.

त्याच्या मागचं भोक चार बोटं खोल असतं. कारखान्यात ऑइलची वाट पाडताना ते पडतं आणि मग स्क्रूने बुजवतात. या जातीची पन्नास तरी इंजिनं मी उघडली असतील. भोक साफ करायची लांब तार मी आत सारली. चार बोटं गेली. मग वीतभर गेली. मग हातभर.

भावजय खुर्चीवर संत्रं सोलत बसली होती आणि नावांची यादी वाचत होती. "मुलगी झाली तर तुमच्या भावाला नाव हवंय 'संख्या'. तुम्हीच समजवा हो ताई!"

"सांगते," मी म्हटलं. माझं सगळं लक्ष तारेकडे. ब्लॉकची भिंत वीतभरसुद्धा जाड नाही. मी वाकून पलीकडून बघितलं. तार तिकडे निघाली नव्हती. माझ्या हातात शेवटचं बोटभर टोक उरलं होतं.

आतून कुणीतरी ती तार ओढली. जोर नव्हता. लहान मूल आपलं बोट मुठीत धरतं आणि जरासं ओढतं, तेवढंच. एकदा, मग परत एकदा.

"अगं बाई!" भावजय मोठ्याने हसली. "आज काय अंगात आलंय याच्या! सारखं वळवळतंय."

मी तार सावकाश बाहेर घेतली. ती कोमट होती.

आता इथे कुणी शहाणं माणूस असतं तर थांबलं असतं, बसलं असतं, विचार केला असता. पण मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी पाना आवळते. माझी जन्माची खोड आहे ती, सगळ्या मेकॅनिकांची आहे. गळतंय? बंद कर. कुठे जातंय, कुणाला जातंय, ते कोण विचारतो? मी दुपारी लेथवर जाड पोलादी स्क्रू करून घेतला, तिप्पट लांब, आणि चेंबर चढवून, नवं ऑइल भरून, तो स्क्रू त्या भोकात पक्का बसवला. त्याच्यावर पूर्ण वजन टाकलं.

इंजिन सुरू केलं. काटा एकवर. ॲक्सिलरेटर दाबला, चार!

"ये गं, हात लाव," मी भावजयीला म्हटलं. तिने हात लावला. चार. तिने दोन्ही हात लावले. चार. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि हॉर्न वाजवला. तरीही चार! मास्तरने वही हवेत उडवली. शिंपी आवाज ऐकून बाहेर आला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मास्तर त्याचे दोन्ही हात धरून गोल फिरायला लागला, आणि शंभर किलोचा शिंपी इतका सुरेख गिरकी घेतो हे मला त्या दिवशी कळलं. मी हसून हसून बेजार झाले.

मग माझ्या लक्षात आलं की भावजय हसत नाहीये.

"ताई."

"काय गं?"

"हे थांबलंय."

"काय थांबलंय?"

तिचे दोन्ही तळवे पोटावर होते. "सकाळपासून क्षणभर गप्प नव्हतं. आता काहीच नाही." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. तोच आवाज, दोन वेळा ऐकलेला. "ताई, असंच झालं होतं हो. असंच."

मास्तरने शिंप्याचे हात सोडले. मी सळई उचलली आणि त्या पोलादी स्क्रूवर टेकवली.

काही नाही.

मी गाडीखाली घुसले. इंजिन चालू होतं, तापलेलं होतं. बंद कर म्हणायलाही थांबले नाही. पाना लावला. स्क्रू हलेना. मीच आवळला होता ना, पूर्ण वजन टाकून!

"सूट रे बाबा," मी म्हटलं. "चुकलं माझं. सूट."

स्क्रू सुटला. गरम ऑइलची धार कोपरापर्यंत आली, कातडी होरपळली. मी हात काढला नाही. आणि मग ती धार पडायची थांबली. माझ्या डोळ्यांदेखत वळली आणि त्या भोकात आत जायला लागली.

मी जुना पितळी स्क्रू बोटांनीच फिरवून बसवला.

वर काटा पावावर उतरला. गाडीतला लाल दिवा लागला.

"ताई, काटा पावावर, दिवा लागला!" मास्तर वरून ओरडला.

"लागली," भावजय म्हणाली. "लाथ लागली! ताई, दोन लागल्या!" आणि ती हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदम. मास्तर बॉनेटवर डोकं टेकवून हुंदके देत होता. मीही गाडीखाली आडवी पडून रडले. लाल दिवा लागला म्हणून आनंदाने रडणारी जगातली पहिली मेकॅनिक मीच असेन.

त्यानंतर मास्तरने मला काहीही विचारलं नाही आणि मी त्याला काहीही सांगितलं नाही. मी फक्त नियम घालून दिले. रोज रात्री अर्धा लिटर ऑइल घालायचं, घाटात पन्नासच्या वर जायचं नाही, आणि दिवा लागला तर घाबरायचं नाही. दिवा विझला तर मात्र मला फोन करायचा, मग मी कुठेही असो. मास्तरने त्याचा आलेखही काढला. बाळ वाढत गेलं तसं ऑइल अर्ध्याचं पाऊण झालं, पाऊणचं एक लिटर. दर आठवड्याला ते पुढे आणि मी माझ्या जुन्या व्हॅनमध्ये दोर घेऊन मागे, अशी आमची वरात घाटातून जायची. भावजय मागच्या काचेतून मला वाकुल्या दाखवायची. इतक्या कमी प्रेशरवर इंजिन तीन महिने चालूच शकत नाही. हे चाललं, आणि एकदाही कुरकुरलं नाही.

मुलगी झाली, भर सकाळी. रडण्याचा आवाज दोन मजले खाली पार्किंगमध्ये आला असणार, असला दणदणीत. नर्सने तिला माझ्या हातात दिलं. मी आत्या झाले! तिने माझं बोट मुठीत धरलं आणि जरासं ओढलं. एकदा, मग परत एकदा. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की मास्तर म्हणाला, "ताई, पडेल ती!"

मी खाली जाऊन गाडी सुरू केली. दिवा विझलेला. मीटर लावलं, ॲक्सिलरेटर दाबला, काटा चार. पितळी स्क्रू काढून तार घातली. चार बोटांवर टक्क करून थांबली. मी सळई लावून बराच वेळ ऐकलं. नुसतं इंजिन. छान, गुणी इंजिन. घेणाऱ्याचं घेऊन झालं, म्हटलं, संपलं आपलं काम. परत वर जाऊन सगळ्यांना चहा पाजला, त्या नर्सलासुद्धा.

परवा रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. पोरगी आता दीड महिन्याची आहे. मोठे डोळे, आवाज आत्यावर गेलेला. नाव अजून ठरत नाही, कारण मास्तर 'संख्या' सोडायला तयार नाही. घरभर लंगोट वाळत होते आणि सगळे एकमेकांच्या पायात येऊन हसत होते.

"दिवसभर पिते हो ताई," भावजय कौतुकाने सांगत होती. "सोडत म्हणून नाही. मला तर वाटतं पोटात भोक आहे हिच्या! आणि वजन बघाल तर तेवढंच. जन्मली तेव्हा होतं तेवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं काही मुलांचं असं, भरेल पुढे."

"भरेल की," मी म्हटलं. मी पोरीला उचलून घेतलं होतं. टोपड्यासकट ती अगदीच हलकी लागली.

हात धुवायला म्हणून मी मागच्या अंगणात आले. गाडी तिथेच उभी होती. मास्तरची सुट्टी चालू होती, आठ दिवसांत ती हलली नव्हती. पत्र्यावर धूळ बसलेली. सवयीने बॉनेट उघडलं आणि ऑइलची पट्टी ओढून काढली.

खुणेच्या वर दोन बोटं भरलेली. पांढरी. ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते असं पांढरं पडतं, हजारदा पाहिलंय मी. पण पट्टी कोमट होती. मी बोट लावून नाकाशी नेलं आणि मला दुधाचा वास आला.

आत पोरगी भुकेने रडायला लागली. "आले गं माझी बाई, आले!" भावजयीचा हसरा आवाज आला, आणि रडणं थांबलं. चुटूचुटू पिण्याचा आवाज खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होता.

मी पट्टी फडक्याने कोरडी पुसली, आत घातली आणि परत बाहेर काढली. आता ती तीन बोटं भरली होती.